दोरासकट सौदा

नत्थूजींनी बैलाच्या तोंडात हात घातला की बैल मुकाट उभा राहायचा आणि बैलाचा मालक घामाघूम व्हायचा. हिंगणघाटच्या बाजारापासून समुद्रपूरपर्यंत त्यांच्या पारखीला तोड नव्हती. शिंगं घासून, तेल चोपडून म्हाताऱ्या बैलाला तरणा करणारे दलाल त्यांना लांबून पाहूनच गर्दीत सटकायचे. इथवर सगळं चांगलं. पण माणसाला बैलातली खोट सापडायला लागली की हळूहळू त्याला जगातच खोट दिसायला लागते, तसं नत्थूजींचं झालं होतं. शेजारणीने वांग्यांचा वानवळा आणून दिला तरी ते आधी वांगी उलटीपालटी करायचे आणि मग कारण विचारायचे, "आज काऊन?"

आमगव्हाणच्या उंबऱ्याशी धरणाचं पाणी आलं त्याला तीन वर्षं झाली होती. पूर्वी नदी उतरून पलीकडच्या चिंचघाटला बैलगाडीने अर्ध्या तासात जाता यायचं. आता मध्ये भर उन्हाळ्यातही पाऊण कोस पाणी. फिरून जायचं तर आधी समुद्रपूर, मग जाम, तिथून दुसरी एसटी आणि उतरल्यावर तीन कोस पायपीट. नाहीतर मासे धरणाऱ्या ढिवरांचा डोंगा होताच, पण वारा सुटला की त्यात पट्टीचा पोहणाराही देवाचं नाव घेत बसायचा.

आणि नत्थूजींची एकुलती एक लेक, कांता, त्याच चिंचघाटला दिलेली होती. तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण लेकीला आणायची कशी? एसटीचे धक्के खायला गावच्या नर्सबाईंनी मनाई केली होती, कारण कांताच्या पायांवर सूज होती. डोंग्यात बसवायचं नाही, असं देवकाबाईंनी, म्हणजे कांताच्या आईने, बजावलं होतं. रोज संध्याकाळी देवकाबाई पाण्याच्या काठाशी जाऊन पलीकडे बघत उभ्या राहायच्या. दिसत काहीच नसे. तरी राहायच्या.

अशात एकोणऐंशीच्या वैशाखात आनंदाबाई बातमी घेऊन आल्या. आनंदाबाई म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाई, बौद्धपुऱ्यातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. आमगव्हाण आणि चिंचघाट दोन्ही गावं त्यांच्याकडेच होती, त्यामुळे त्या पाण्याचा सगळ्यात जास्त जाच त्यांनाच. औषधांची पेटी घेऊन जामला एसटी बदलताना त्यांनी ढाब्याशेजारी एक ट्रेलर पाहिला. त्यावर चक्क बोट होती. पांढरी, खोलीएवढी केबिन असलेली, डिझेलच्या इंजिनाची. आणि ती विकायची होती.

त्या सरळ सरपंचांकडे गेल्या. सरपंच बबनराव हौशी माणूस. त्यांनी आठ दिवसांत गावातून वर्गणी गोळा केली. कुणी पैसे दिले, कुणी तुरीचं पोतं दिलं. पाण्यापलीकडे अर्ध्या गावाची वावरं होती, कुणाची पोर होती, कुणाची बहीण होती. कुणी नाही म्हटलं नाही. पण जुनी वस्तू घ्यायची आणि पारखायला नत्थूजी न्यायचे नाहीत, हे त्या गावात होणं शक्य नव्हतं. पाहिलं तर एकट्या नत्थूजींची गरज सगळ्यांहून मोठी. देवकाबाईंनी त्यांना पाठवताना दारातच सांगितलं, "हे पाहा, बैल घ्याले नाई चालले तुमी. पोरीले आणाले चालले."

जामच्या ढाब्यावर बबनराव, नत्थूजी आणि आनंदाबाई उतरल्या उतरल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने त्यांना घेरलं. "साधी बोट नाही साहेब, याट आहे. मुंबईचे शेठलोक हिच्यात बसून हवा खातात." नत्थूजींच्या कपाळाला पहिली आठी इथेच पडली. शेठ हवा खायची वस्तू जामच्या फाट्यावर सोडून देतो काय?

बोटीबरोबर तिचा तांडेल आला होता. धाकू तांडेल, कोकणातला, पन्नाशीचा, काळा आणि अबोल. अकरा वर्षं तीच बोट त्याने चालवली होती. त्याने सांगितलेली हकीकत सरळ होती. चंद्रपूरकडच्या कुणा ठेकेदाराने तळ्यात पाहुणे फिरवायला ती विकत मागवली होती. बोट जामला पोहोचेस्तोवर ठेकेदाराने हात वर केले. परत न्यायचं भाडं मुंबईच्या मालक शेठला परवडेना, म्हणून त्याची तार आली, आहे तिथे विका.

"अकरा वर्सं चालवली, अन् आता जराशा पैशात देऊन राह्यला," नत्थूजी बबनरावांच्या कानाशी लागले. "मले पटत नाई."

मग त्यांनी पारख सुरू केली. बोटीला तोंड नसल्याने त्यांची थोडी पंचाईत झाली, पण हार मानतील ते नत्थूजी कसले. त्यांनी बुडावर काठीने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला. खालच्या अंगाला ताजा रंग दिसला. शिंगाला तेल लावलेलं ओळखणाऱ्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. वास्तविक खाऱ्या पाण्यातल्या बोटीचं बूड दरसाल खरवडून रंगवावंच लागतं, पण ते त्यांना कोण सांगणार, आणि त्यांनी विचारलं तरी कुठे? त्यात ढाबेवाल्याने चहा ठेवता ठेवता पिल्लू सोडलं की मुंबईकडे अशाच बोटींतून चोरीचं सोनं येतं म्हणे. नत्थूजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि केबिनमधल्या गाद्या एक एक करून उचलून पाहिल्या. खाली जुनी वर्तमानपत्रं निघाली. त्यांचा संशय त्यामुळे कमी झाला नाही. सोनं काढून घेतलं असेल, एवढंच त्यांनी धरलं.

इंजिन मात्र एका दमात सुरू झालं. आवाज एकसारखा, धूरही पातळ. तिथे त्यांना खोट सापडेना. आनंदाबाई म्हणाल्या, "नत्थूजी, आता घ्या. कांताले पुढच्या हप्त्यात आणता येईन." लेकीचं नाव ऐकून ते विरघळले. त्यांनी मान हलवली आणि बबनरावांनी इसाराचे पैसे बांधलेला रुमाल खिशातून काढला.

तेवढ्यात धाकू तांडेलाने बोटीच्या नाकाशी वेटोळं घालून ठेवलेला जाडजूड दोर उचलला, दोन्ही हातांनी नत्थूजींपुढे धरला आणि म्हणाला, "दोर पण तुमचा. लंगर, टायर, सगळं सोबत. मी काहीच ठेवत नाही."

नत्थूजींचा चेहरा पडला. त्यांनी बबनरावांचा रुमालाचा हात तसाच धरला.

बैलबाजाराचा कायदा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. विकणारा बैल देतो, दोर देत नाही. सौदा झाला की तो आपला दोर सोडून घेतो आणि घरी नेऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगतो. घेणारा नवा दोर आणतो. गोठ्याची बरकत त्या दोरात राहते. दोरासकट जनावर देतो कोण? ज्याला त्या जनावराची आठवणही घरात नको असते तो. बैल मारका असतो, नाहीतर अवलक्षणी असतो, नाहीतर चोरीचा असतो.

"सौदा नाई," नत्थूजी म्हणाले.

"काऊन?" आनंदाबाईंनी विचारलं.

"दोर देऊन राह्यला तो. दिसत नाई काय?"

"मंग त्याले विचारा तरी, काऊन देतो म्हणून."

चोराला कुणी चोरी विचारतं काय? नत्थूजी एसटीकडे चालू लागले. धाकू तांडेल दोर हातात धरून तसाच उभा होता. आपलं काय चुकलं ते त्याला कळलं नाही.

रात्री पारावर सभा बसली. दोराची गोष्ट ऐकली, बोट चोराची असणार हे नत्थूजींचं म्हणणं ऐकलं आणि एकजात सगळ्यांनी माना डोलावल्या. आनंदाबाई एकट्याच उभ्या राहून बोलल्या, की बोट बैल नाही, इंजिन चांगलं आहे, पाण्यापलीकडे अडलेली बाई डोंग्याची वाट पाहत मरू नये. त्यांचं म्हणणं हळूहळू लोकांना पटायला लागलं. नत्थूजींना ते दिसलं. आपली पारख भर सभेत खाली पडते आहे असं वाटलं आणि त्यांची जीभ सुटली.

"नर्सबाई, बातमी तुमीच आणली. घ्या घ्या म्हणूनही तुमीच मांगं लागल्या. दलाली किती ठरली, तेवढं सांगून द्या सभेले."

कुणी हसलं नाही. पण कुणी नत्थूजींना थांबवलंही नाही, आणि ते जास्त वाईट होतं. आनंदाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी बबनरावांनी ज्याची त्याची वर्गणी परत केली. देवकाबाई नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, आणि पाण्याकडे जायच्या.

पाचव्या दिवशी पलीकडच्या काठावर पांढरं काहीतरी चमकलं. चिंचघाटवाल्यांनी बोट घेतली होती. पाण्यात बुडालेल्या जुन्या रस्त्यावरून बारा बैलजोड्या लावून त्यांनी ती उतरवली, आणि दोन ढिवर पोरं तयार होईस्तोवर तांडेलालाही ठेवून घेतलं. ती दिवसभर पाण्यावर येरझारा घालायची. आमगव्हाणचे लोक काठावर बसून बघायचे. "बुडन," नत्थूजी म्हणायचे. दहा दिवस गेले. बोट काही बुडाली नाही.

अकराव्या दिवशी, ऐन दुपारी, ती सरळ आमगव्हाणच्या काठाला लागली. कांताचा नवरा, श्रावण, उडी मारून उतरला आणि सासऱ्याकडे न पाहता उपकेंद्राकडे पळाला. कांताला कळा सुरू झाल्या होत्या. वेळेआधी. आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

आनंदाबाई पेटी घेऊन आल्या. देवकाबाई त्यांच्या मागोमाग बोटीत चढल्या. नत्थूजी काठावर उभे. ज्या बोटीला त्यांनी चोराची म्हटलं होतं ती समोर होती आणि जिला दलाल म्हटलं होतं ती बाई तिच्यात बसली होती.

"येता, की पारख कराची हाय?" देवकाबाई म्हणाल्या. पंधरा दिवसांत नवऱ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

ते चढले. बोट निघाली. नत्थूजींचा कान सवयीने इंजिनाकडे गेला. त्यात खोट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच खोट नसल्याचा त्यांना इतका आधार वाटला. मध्यावर आल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी तांडेलाला विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुमी दोर काऊन देल्ला?"

धाकू तांडेलाने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "दोर नाही दिला तर होडी बांधणार कशाला? घेणारा जेवून येईतो होडी वाहून जायची. आमच्याकडे बिनदोराची होडी विकतो त्याला चोर म्हणतात."

त्या दिवशी जामला एवढंच विचारायचं होतं.

चिंचघाटला पोहोचल्यावर बायका घरात गेल्या आणि दार बंद झालं. ओसरीवर व्याही भैयाजी बसले होते. त्यांनी नत्थूजींना पाणी दिलं. भैयाजी साधा माणूस, टोमणा मारणं त्यांना येत नव्हतं. त्यामुळे ते जे बोलले ते जास्तच लागलं. "कांताले माहेरी पोचवाले काई साधन पाह्यजे होतं नं. म्हणून निम्मे पैसे आमीच घातले. पण तुमची पारख मोठी. तुमी चोराची म्हटली, मंग मले भेव लागलं. म्हटलं, पंधरा दिवस आपण बसून पाहू, मंग पोरीले बसवू. येत्या गुरुवारी आणून सोडणार होतो तुमच्याकडं."

म्हणजे बोट नसल्याने नव्हे, त्यांच्या शब्दामुळे लेक अडकली होती. शब्द त्यांच्याआधी पाणी ओलांडून आला होता. नत्थूजींनी पाण्याचा तांब्या हातात धरला होता, तो तोंडाला लावायचं त्यांना सुचलं नाही.

दिवस कलता कलता आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण नेटाचा. मुलगी झाली होती. बऱ्याच वेळाने आनंदाबाई बाहेर आल्या, पदराने मान पुसत. "दोघी बऱ्या आहेत. अजून अर्धा घंटा उशीर झाला असता तं सांगता आलं नसतं. कांताले आता सव्वा महिना हलवाचं नाई. बाळंतपण इथंच."

नत्थूजींना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. आनंदाबाई विहिरीजवळ हात धुवायला गेल्या तशी ते मागे गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी जे बोललो, ते..."

"इथं नका सांगू," आनंदाबाई हातांना साबण लावत म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमी ते सभेत बोलले होते. त्याच्यानंतर तीन घरच्या बायांनी माह्याकडून लेकराले सुई टोचून घेतली नाई. इथं आपण दोघंच आहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने परत आल्यावर नत्थूजी घरी गेले नाहीत. ते गावच्या कोतवालाकडे, कवडूकडे गेले आणि दवंडी द्यायला सांगितली. कवडूने खुंटीवरची डफडी काढली, गळ्यात अडकवली आणि विचारलं, "काय सांगू?"

"सांग, बोट चांगली हाय. नत्थूजी चुकला."

कवडू निघाला. चार पावलं गेला असेल, तोच नत्थूजींनी त्याला हाक मारली.

"थांब. आनंदाबाईनं कोणाचा एक पैसा घेतला नाई, हे पहिले सांग. घरोघर उभा राहून सांग. बोटीचं मंग सांगजो."