खोटा हिरवा

दगडखाणीच्या कड्याला भेगा पडल्या तेव्हापासून धाकटीच्या जिवाला घोर लागला होता. ती शहरातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर, आणि तिच्या ताईचा नवरा, तिचे भावोजी, त्या खाणीवर मुकादम. भेगांवर तिच्या कंपनीने बसवलेली मापकं खाणीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आकडे पुरवत. तिथे एक प्रोग्रॅम आकडे वाचायचा, दुसरा कडा किती सरकेल याचा अंदाज बांधायचा. एकाला मानवणारं दुसऱ्याला मानवत नसे, सवतीच जणू. म्हणून धाकटीने त्यांच्या चुली वेगळ्या केल्या होत्या: दोघांना दोन स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, ज्याची त्याची सामग्री ज्याच्या त्याच्यापाशी. रोज सकाळी ती शहरातूनच त्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची, आधी एक, मग दुसरं एन्व्हायर्नमेंट चालू करायची, आणि भावोजींच्या फोनवर निरोप जायचा: हिरवा म्हणजे काम लावा, लाल म्हणजे बाहेर पडा.

"हे रोजचं दळण कशाला दळतेस?" तिच्या कंपनीतले साहेब म्हणाले. "शेल स्क्रिप्ट लिहून टाक, सगळे हुकूम ओळीने आपोआप सुटतील."

तिने लिहिली. स्वतः लॉगिन करून चालवून पाहिली, बिनबोभाट चालली. "आपोआप चालते का, तेही बघते थोडे दिवस," ती म्हणाली, तर साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनेही मग ताणलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी डबा खाता खाता तिने सहज आकडे उघडले आणि घास हातातच राहिला. आजचा अंदाज कालच्याशी दशांशासकट जुळत होता. परवाचाही तोच. कडा काय फोटोला उभा होता, इतका स्तब्ध राहायला? माणूस लॉगिन करतो तेव्हा शेल, म्हणजे हुकूम झेलणारा प्रोग्रॅम, आधी आपली सगळी सेटिंग वाचून घेतं. स्क्रिप्टकडून लॉगिनशिवाय नुसता हुकूम आला की वाचत नाही. दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटचा पत्ता त्या सेटिंगमध्येच होता, म्हणून ते चालूच होत नव्हतं. आणि स्क्रिप्ट तिथे न थांबता पुढे जाऊन शिळाच निकाल ताजा म्हणून पाठवत होती.

तिने एन्व्हायर्नमेंटचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये घातला, चूक दिसली की थांब, असं वर लिहिलं आणि चालवली.

लाल.

तिने फोन लावला. "भावोजी, माणसं काढा बाहेर!"

"अगं, सकाळी हिरवा आलाय की."

"तो खोटा होता. माझ्या स्क्रिप्टचा घोळ आहे. काढा हो सगळ्यांना!"

भावोजींनी हुज्जत घातली नाही. फोन चालूच होता. त्यातून तिला भोंगा ऐकू आला, पळापळ ऐकू आली. मग भावोजींचा आवाज: "क्रशरवरचा म्हातारा राहिला. बहिरा आहे तो. थांब, आणतो त्याला." त्यानंतर असा आवाज झाला की तिने फोन कानापासून दूर धरला.

म्हातारा वाचला. भावोजी दगडांखाली गेले.

"तुझ्या फोनमुळे बाकीचे वाचले," असं जो तो तिला सांगू लागला. साहेब तर म्हणाले, "चौकशीत मापक बिघडलं होतं म्हणू. तू तोंड उघडू नकोस." तिने तोंड उघडलं. चौकशीवाल्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. नोकरी गेली, त्याचं तिला काही वाटलं नाही.

ताईला सांगणं मात्र जड गेलं. ताई भाजी निवडत होती. धाकटीचं बोलणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"निघताना म्हणाले होते," ताई शेवटी म्हणाली, "आज धास्ती नाही, हिरवा आलाय. तुझ्या कामावर फार विश्वास होता त्यांचा."

"ताई..."

"तू जा आता. बोलवेन तेव्हा ये."

धाकटी दारात जरा वेळ घुटमळली. मग चपला घालून जिना उतरली. ताईने अजून बोलावलेलं नाही.