लाहतींच्या छपराने साधलेला दावा

मित्रांनो, मी एक जुनं डांबरी छप्पर आहे. सूड घ्यायला हात लागतात, पाय लागतात, असं तुम्हाला वाटत असेल. मला दोन्ही नाहीत. तरी मी सूड घेतला, आणि पोटभर घेतला. तोच तुम्हाला सांगणार आहे.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी, टेकडीच्या उतारावर लाहतींचं घर आहे. त्या घरावर मी पसरलेला आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. जाड कापडासारखी चटई उकळत्या डांबरात बुडवतात, वर दगडाचा रवाळ चुरा दाबून बसवतात आणि तिचे तुकडे कापतात. त्या तुकड्यांना शिंगल म्हणतात. माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या हजारो शिंगल म्हणजे मी. तो दगडी रवा माझी कातडी आहे. ऊन तो अडवतो, पाऊस तो झेलतो. तो गेला की खालचं डांबर उघडं पडतं, उन्हाने तडकतं आणि माझे दिवस भरतात. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा माझा राग तुम्हाला कळेल.

मला विल्हो लाहतीने स्वतः ठोकला. तो तेव्हा म्हातारा झाला होता, पण त्याचा हातोडा वाकडा पडत नसे. मुलगा आर्नी शिंगलचे गठ्ठे वर चढवायचा आणि कंटाळायचा. मुलगी सायमा खालूनच खिळे द्यायची, कारण तिला उंचीची भीती होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरूनच ती परत फिरे. काम संपल्यावर विल्होने माझ्याकडे बघत पाइप ओढला आणि म्हणाला, की हे माझ्या तिरडीनंतरही टिकेल. तसंच झालं. तो गेला आणि मी राहिलो.

जाण्याआधी त्याने दोन्ही मुलांना जेवणाच्या टेबलाशी बसवून सांगितलं होतं. सायमा आहे तोवर घर तिचं. ती शाळेची बस चालवायची, एकटीच राहायची. पण घर राहण्यालायक उरलं नाही, असं नगरपालिकेने ठरवलं, तर ते पाडायचं आणि जागा आर्नीने घ्यायची. बिचाऱ्या विल्होला आपल्या हातच्या कामावर भरवसा होता. आपल्या रक्ताच्या माणसावरही होता. पहिला भरवसा खरा ठरला.

पुढे सरोवराकाठी हॉटेलं उभी राहायला लागली. आमच्या टेकडीवरून पाणी नजर पोचेल तिथवर दिसतं. आर्नीचं गावात मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं, तिथे हॉटेलवाले येऊन बसू लागले. आणि मग एका उन्हाळ्यात आर्नीला अचानक बहिणीची दया आली.

तो एक यंत्र घेऊन आला. त्यातून पाण्याचा असा जोरदार फवारा निघे की लाकडावरचा रंग उडावा. माझ्या उत्तरेच्या उतारावर थोडं शेवाळ आलं होतं. ते हलक्या ब्रशने, औषध लावून निघालं असतं. आर्नीने फवारा उलटा, खालून वर मारला. माझ्या शिंगल उचकटल्या आणि माझी कातडी सोलून निघाली. दगडी रवा पन्हळीतून वाहत अंगणात साचला. सायमा खालून त्याला सरबत देत होती, त्याचे आभार मानत होती. नंतर तो पोटमाळ्यावर गेला आणि वळचणीला हवा यायला ठेवलेल्या झरोक्यांत त्याने चिंध्या कोंबल्या. खारी आत येऊ नयेत म्हणून जाळी बसवली, असं त्याने बहिणीला सांगितलं.

मित्रांनो, छप्पर ओरडू शकत नाही. मी तेव्हाच ठरवलं, की या माणसाला मी सोडणार नाही.

हिवाळा आला. झरोके बंद असल्यामुळे पोटमाळा खालच्या उबेने तापला. माझ्यावरचा बर्फ खालून वितळू लागला, ते पाणी उतरून वळचणीच्या गारठ्यात पुन्हा गोठलं आणि काठावर बर्फाचा बांध तयार झाला. त्यामागे तुंबलेलं पाणी उचकटलेल्या शिंगलखाली शिरलं. सायमाच्या पलंगावर ठिपकू लागलं. ती पलंग सरकवायची, ठिपका मागे जायचा. मार्च येईपर्यंत ती स्वयंपाकघरात खाट टाकून झोपत होती.

आर्नी वेलदोड्याचा पाव घेऊन तिला भेटायला आला. तो नेमका मला हवा तिथे बसला. माझा एक सांधा तिथेच कुजला होता. मी सगळा जोर लावला, आणि एक काळपट थेंब त्याच्या टकलावर पाडला. दुसरा त्याच्या कॉफीत पाडला.

त्याने वर बघितलं आणि तो हसला. मनापासून हसला.

"बघ," तो म्हणाला, "छप्परसुद्धा तुला सांगतंय, सायमा. गावातल्या त्या नव्या इमारतीत एक खोली बघून ठेवलीय मी. लिफ्ट आहे."

तेव्हा मला उमगलं, की गळणं हे माझं शस्त्र नव्हतंच. ते त्याचं होतं. मी जितका गळेन तितका तो खूश. मला याला मारायचं असेल, तर एकच वाट होती. टिकायचं. तो हात चोळत बसेल इतकं टिकायचं. पण ते माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं, आणि सायमा खोक्यांत कपबश्या भरू लागली होती.

पर्ल ट्रेवार्था शेजारी राहायची. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, जिभेने तिखट. ती निरोपाला म्हणून आली आणि खोकी बघून चिडली. घर सोडण्याआधी गळतं कुठून ते तरी बघू, म्हणाली. तिचे स्वतःचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते, म्हणून सायमालाच पोटमाळ्यावर जावं लागलं. ती रांगत वळचणीपर्यंत गेली आणि झरोक्यात कोंबलेली चिंधी तिने ओढली. एक मळकट निळा सदरा बाहेर आला. आर्नीच्या शाळेतल्या हॉकी संघाचा. पाठीवर शिवलेलं नाव होतं लाहती.

ती तो सदरा घेऊन खाली आली. अंगणात बर्फाखाली साचलेला दगडी रवा पर्लने तोवर ओंजळीत भरून आणला होता, तोही तिने बघितला.

"गळतंय म्हणून आर्नी मला गावात खोली बघून देत होता," सायमा म्हणाली. "झरोके बुजवून."

"आता काय करणार?"

"मी मेले तरी ही जागा त्याला मिळू देणार नाही. मरणारच नाही मी, पर्ल. आणि हे छप्परही मरणार नाही."

मला त्या क्षणी ती बाई फार आवडली.

झरोके तिने त्याच दिवशी मोकळे केले. बर्फ गेल्यावर ती शिडी चढली. पहिल्यांदा तिसऱ्या पायरीवर रडली, दुसऱ्यांदा पाचव्यावर. पर्ल खाली शिडी धरून उभी असायची. भीती वाटली की सायमा मोठ्याने भावाचं नाव घ्यायची आणि एक पायरी वर यायची. लोक देवाचं नाव घेतात तसं.

विल्होने उरलेल्या शिंगलचा एक गठ्ठा सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानघराच्या, मागच्या खोलीत ठेवला होता. फाटलेल्या शिंगल काढून तिने त्या बसवल्या. सुरुवातीला वाकड्या बसवल्या, काढल्या, पुन्हा बसवल्या. उचकटलेल्यांखाली डांबर भरून, चिकटेपर्यंत त्यांच्यावर विटा ठेवल्या. धुराड्याच्या बुडाशी पत्रा सुटला होता, तो घट्ट केला. माझ्या आढ्यावर जस्ताची पट्टी ठोकली, म्हणजे तिच्यावरून उतरणाऱ्या पावसाने शेवाळ धरू नये. माझ्यावर घासणाऱ्या मेपलच्या फांद्या कापल्या. दर शरदात पन्हळी उपसल्या. हिवाळ्यात जमिनीवरूनच लांब दांड्याच्या फावड्याने काठाचा बर्फ ओढून पाडला. उत्तरेकडचा एक मोठा पट्टा मात्र टकलाच राहिला. तेवढ्या शिंगल गठ्ठ्यात नव्हत्या. त्याच्या कडा तिने डांबराने चिकटवून ठेवल्या. पाणी आत येत नव्हतं, पण त्यावर पाय ठरत नव्हता. ती स्वतः त्या बाजूने कधी जात नसे.

आर्नी वाट बघत होता. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. बहीण काही खोली बघायला येईना. गावातल्या कॉफीच्या दुकानात तो सांगत फिरे, की म्हातारी माकडासारखी छपरावर नाचते, एक दिवस पडेल. शेवटी त्याने नगरपालिकेत तक्रार केली, की घर धोकादायक आहे.

ग्रेगरिच नावाचे निरीक्षक आले त्या दिवशी सकाळपासून बुरबुर पाऊस होता. आर्नीही आला होता. सायमाने दोघांना आत घेतलं. ग्रेगरिच बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर गेले. आर्नीला मात्र धीर नव्हता. उत्तरेचा उतार आपण दाखवू, तिथे छप्पर संपलेलं आहे, असं म्हणत त्याने शिडी लावली आणि तो वर आला. सायमाने त्याला बजावलं होतं, ओलं आहे, त्या बाजूला जाऊ नकोस. त्याने ऐकलं नाही.

त्याने माझ्या टकल्या पट्ट्यावर पाय ठेवला.

मित्रांनो, माझ्या अंगावर रवा असता तर मी त्याला धरलं असतं. छपराचा धर्मच तो. पण तिथला रवा त्यानेच धुऊन नेला होता. त्याचा बूट सटकला, तो पोटावर आपटला आणि घसरत निघाला. जाताना त्याच्या पायाने शिडी उडवली. काठाच्या अलीकडे न्हाणीघराची हवेची नळी वर आलेली आहे, तिला त्याने मिठी मारली आणि तिथेच लटकला. त्याच्या विजारीचा गुडघा आणि खालची कातडी माझ्या एका खिळ्याने ठेवून घेतली. विजारीची चिंधी मी पुढचे कित्येक आठवडे फडकवली.

सायमा बाहेर आली. तिने आडवी पडलेली शिडी बघितली, मग भावाकडे बघितलं.

"शिडी लाव," आर्नी ओरडला. "सायमा, हात सुटतोय माझा."

"नळी बिडाची आहे. बाबांनी बसवलीय. नाही सुटायची." ती शांतपणे उभी राहिली. "घसरलास कसा?"

"ओलं आहे इथे!"

"सगळंच ओलं आहे. मी तर रोज चढते. तिथेच कसा घसरलास, ते सांग."

ग्रेगरिच तेवढ्यात बाहेर आले. पोटमाळा बिस्किटासारखा कोरडा आहे, असं ते सांगत होते. वरचा प्रकार बघून त्यांनी शिडीला हात घातला. सायमाने शिडीच्या खालच्या पायरीवर पाय ठेवला.

"एक मिनिट, साहेब. माझा भाऊ काहीतरी सांगणार आहे तुम्हाला."

पाऊस वाढला. माझ्या आढ्यावरून उतरणारं सगळं पाणी मी त्याच्या कॉलरमध्ये सोडलं. शिडी एक मिनिटभर खालीच राहिली, आणि ते मिनिट मी चवीचवीने चाखलं. मग आर्नीने बोलायला सुरुवात केली. रवा मीच धुतला, म्हणाला. झरोके मीच बुजवले. थांबला. सायमाचा पाय हलला नाही. मग हॉटेलवाल्यांचंही सांगितलं. बोलताना त्याचा गाल माझ्या अंगाला टेकलेला होता. प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

ग्रेगरिचनी दुसरं काही विचारलं नाही. घर राहण्यालायक आहे, एवढंच सांगितलं आणि शिडी लावली. आर्नी उतरला, लंगडत गाडीपर्यंत गेला. बहीणभावांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. गावात त्याच्या दुकानाकडे लोक फिरकेनासे झाले. तो दक्षिणेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात राहायला गेला, जिथे पावसाचं भय नाही.

माझा सूड पुरा झाला होता. तरी सायमा दर शरदात वर येत राहिली. मी त्या माणसापेक्षा जास्त टिकावं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मग एका ऑगस्टमध्ये त्याच्या मुलीचा फोन आला. आर्नी गेला होता.

सायमाने कपाटातून काळा कोट काढला, पण ती अंत्यसंस्काराला गेली नाही. ओट्यावर बसून राहिली. त्या शरदात ती वर आली नाही. मेपलची पानं पन्हळीत पडली, भिजली, कुजली. हिवाळा त्यांच्यावरून गेला. वसंतात त्या कुजक्या पानांत मेपलचं एक रोप उगवलं, आणि त्याची मुळं माझ्या काठच्या शिंगलखाली शिरू लागली. ज्या रागाने मला इतकी वर्षं जगवलं तो संपला होता. मी स्वतः तर अजून तापलेलाच होतो, पण माझ्या तापण्याने पन्हळ साफ होत नाही.

ते रोप पहिल्यांदा पर्लला दिसलं. तिने कुंपणावरूनच हाक मारली आणि विचारलं, की छपरावर बाग करायचा विचार आहे का.

सायमा बाहेर येऊन वर बघत राहिली.

"आता कुणाला दाखवायचंय, पर्ल?"

"कुणालाच नाही. झोपतेस ना अजून त्याच्याखाली?"

सायमा आत गेली. दुपारी तिने शिडी लावली. आता ती सत्तरीच्या पुढची होती, आणि तिच्या तोंडात भावाचं नाव नव्हतं. ती हळूहळू, दर पायरीवर थांबत वर आली. रोप मुळासकट उपटलं. थोडा वेळ हातात धरलं, मग अंगणात, मऊ मातीत टाकलं. पानांचा काळा लगदा ओंजळींनी काढला. उतरताना तिने माझ्यावर तळवा टेकला. तिने त्याला माफ केलं असावं, असं मला त्या तळव्यावरून वाटलं.

मी केलेलं नाही. माझा टकला पट्टा अजून उन्हात तडकतो, आणि प्रत्येक तड्याबरोबर मला तो फवारा आठवतो.

पण मित्रांनो, तुमच्याही डोक्यावर कुणीतरी पसरलेलं असेल. अधूनमधून वर बघा, आणि मोठ्या माणसांना बघायला लावा. त्यांनी प्रेमाने शिडी लावली तर उत्तम. प्रेम नसेल तर रागाने लावू दे, कुणाला तरी जळवायला लावू दे. मला सगळं चालतं. फक्त पानं कुजायच्या आत लावा म्हणावं.