उमेदवारबाईंचा वस्तरा

दार उघडलं तर समोर बँडमास्तर उभे, आणि त्यांचा चेहरा गुळगुळीत. नुसता गुळगुळीत नव्हे, वर गालांना पावडरसुद्धा लावलेली.

उमेदवारबाईंनी चौकटीला हात टेकला. "मास्तर, हे काय केलंत?"

"काय केलं? चांगला अर्धा तास आधी तयार होऊन आलोय," मास्तर ऐटीत म्हणाले. "परीक्षेला जायचं म्हणजे माणसानं कसं टापटीप..." आणि तिथेच थांबले. त्यांचा हात हळूहळू गालावर गेला, तिथून हनुवटीवर, आणि मग ते मटकन जिन्याच्या पायरीवरच बसले.

परीक्षा दाढी करण्याची होती. उमेदवारबाई ती देणार होत्या, आणि ज्यांची दाढी करायची ते मास्तर. त्यासाठी बिचाऱ्यांनी गेले अकरा दिवस खुंट वाढवले होते.

"चाळीस वर्षं बँडमध्ये होतो हो," मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले. "कार्यक्रम म्हटलं की आधी दाढी. मी नाही केली. हातानं केली."

वरच्या मजल्यावरून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अकरा दिवस मी कानीकपाळी ओरडत होते, जरा आरशात अवतार बघा! तेव्हा नाही तो हात हलला!"

साडेआठ वाजले होते. परीक्षा दहाला.

उमेदवारबाई हे नाव त्यांना नवऱ्यानं ठेवलं होतं, आणि ते असं चिकटलं की मुलीच्या मैत्रिणीसुद्धा त्याच नावानं हाक मारायच्या. टेलिफोन एक्सचेंजमधली एकोणीस वर्षांची नोकरी यंत्रं आल्यावर गेली, तेव्हा इतर बायका घरी बसल्या. या मात्र शिवणाच्या वर्गाला जाऊन बसल्या. तिथून एका नाटक कंपनीच्या कपडेपटात गेल्या. छप्पन्नाव्या वर्षी मोटार चालवायला शिकल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्यांना शिकवू लागल्या. एकसष्टाव्या वर्षी तलावावर पोरांना पोहायला शिकवायला लागल्या, तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता फक्त विमान उरलं. आधी सांग, म्हणजे मी त्या दिशेला फिरायला जाणार नाही." प्रत्येक कामानं जाताना त्यांच्या अंगाला एकेक सवय लावली होती. दुसऱ्याच्या गाडीत बसल्या की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. पिशवीत शिंप्याचा खडू कायम.

आणि आता सदुसष्टाव्या वर्षी वस्तरा.

त्याचं कारण त्या फारसं कुणाला सांगत नसत. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात कोपऱ्यावरच्या सलूनचे वस्ताद दर गुरुवारी घरी येऊन त्याची दाढी करून जायचे. दाढी झाली की नवरा उशांना टेकून असा बसायचा, जणू आजारी दुसरंच कुणी आहे आणि तो त्याला भेटायला आलाय. ते दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. गेल्या वर्षी वस्तादांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. जिने चढणं जड जाऊ लागलं. घरोघर न्यायची दाढीच्या सामानाची पेटी ते या महिनाअखेर कायमची बंद करणार होते, आणि त्या पेटीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसं होती नऊ. सगळी अंथरुणाला खिळलेली.

"पेटी मला द्या," उमेदवारबाई म्हणाल्या होत्या.

"देईन," वस्ताद म्हणाले. "पण प्रमाणपत्र दाखवा. त्याशिवाय मी तुम्हाला कुणाच्या गळ्यापर्यंत पोचू देणार नाही."

तेव्हापासून घरात फुगे आले. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं उतरवायचा, अशी शिकायची पद्धत. पहिले काही दिवस दर पाच मिनिटांनी धडाम, आणि धडाम झालं की आठ महिन्यांची नात भोकाड पसरायची. पुढे तिला सवय झाली. मग फुगा फुटला नाही की ती आजीकडे असं बघायची, जणू खेळ अर्ध्यावर थांबवलाय.

मास्तरांना पायरीवर सोडून उमेदवारबाई स्वयंपाकघरात आल्या. मुलगी मांडीवरच्या लेकीला चमच्यानं पेज भरवत होती. जावई कॉफी पीत होते. उमेदवारबाईंनी झाला प्रकार सांगितला. मुलगी आधी खो खो हसली, मग एकदम गप्प झाली आणि तिनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. उमेदवारबाईंची नजरही तिकडेच गेली. पोरगीसुद्धा बघायला लागली.

जावयांची दाढी चांगली छातीला टेकणारी होती. कॉलेजपासूनची. लग्नाला पाच वर्षं झाली, पण तिच्याखाली काय आहे ते बायकोनंही पाहिलेलं नव्हतं.

"नाही," जावई म्हणाले. "आई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण नाही."

"मी कुठे काही म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत. पण बघताय कशा!"

"अरे, काय होतंय?" मुलगी म्हणाली. "चांगला आठवडाभर रजेवर आहेस."

"सासूच्या हातात वस्तरा आणि त्याच्याखाली जावयाचा गळा. ऑफिसात सांगितलं तर लोक विमा काढलास का विचारतील."

उमेदवारबाईंनी अंगावरचा पांढरा अंगरखा काढला आणि घडी घालायला घेतली. "राहू दे गं. त्यांचा चेहरा, त्यांची मर्जी. परीक्षा काय, पुढच्या वर्षी पण असते."

मुलीनं पोरीच्या ओठांवरची पेज पुसली. मान वर न करता ती म्हणाली, "तुझी परीक्षा असेल गं. ती नऊ माणसं असतील का?"

पोरीनं टेबलावर चमचा आपटला. जावयांनी कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी एकदा दाढी कुरवाळली आणि विचारलं, "किती वाजता पोचायचंय?"

गाडी उमेदवारबाईंनीच चालवली. जावई शेजारी दाढी धरून बसले होते, निरोप द्यायला आल्यासारखे.

"गाडीच्या बाबतीत ठेवता ना माझ्यावर विश्वास?"

"गाडीला ब्रेक असतो, आई."

परीक्षेच्या खोलीत आठ खुर्च्या, आठ आरसे. बाकीचे सात परीक्षार्थी विशीतले. परीक्षक बाई तर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, गळ्यात शिट्टीसारखं घड्याळ लटकवलेली. नियम तिनं एका दमात सांगितले. चाळीस मिनिटं. कल्ले सारखे हवेत, गालावर एक केस हाताला लागता कामा नये. एक ओरखडा चालेल, दोन खपवून घेऊ, तिसऱ्याला वस्तरा खाली ठेवायचा आणि घरी जायचं.

बाकीच्यांनी फेस लावायला सुरुवात केली तेव्हा उमेदवारबाई अजून कात्रीनं जंगलच तोडत होत्या. पायाशी काळा ढीग साचला. बारा मिनिटं त्यातच गेली. मग त्यांनी गरम पाण्याचा टॉवेल ठेवला, पिशवीतून खडू काढला आणि जावयांच्या दोन्ही कानांपाशी एकेक आडवी रेघ मारली.

परीक्षक बाई जवळ आली. "हे काय आहे?"

"कल्ले. नजरेला सारखे वाटतात, पण मापाला नसतात."

"माणूस आहे हा. कापड नाही."

"म्हणूनच टाचण्या नाही लावल्या," उमेदवारबाई म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं आणि त्याच्या परीक्षार्थीनं त्याचं डोकं घट्ट धरलं.

पहिला ओरखडा कानाखाली झाला. दोष घाईचा. दुसरा ओठाच्या कोपऱ्याशी, आणि तो सर्वस्वी तलावाचा. जावई श्वास रोखून लाकडासारखे बसलेले दिसले आणि त्यांच्या तोंडून सवयीनं जोरात निघून गेलं, "श्वास सोडा!" जावयांनी आज्ञाधारकपणे भस्सकन सोडला. ओठ हलला. लाल ठिपका उमटला.

"दोन," परीक्षक बाई म्हणाली. "आठ मिनिटं राहिलीत."

आता फक्त हनुवटी उरली होती. उमेदवारबाईंनी वरचा फेस जरासा पुसला, त्वचा बघायला म्हणून, आणि वस्तरा हवेतच राहिला.

हनुवटीच्या बरोबर मधोमध खळी होती. लहान नव्हे, चांगली बोटाचं टोक बसेल एवढी. चौऱ्याऐंशी फुगे केले होते त्यांनी, पण खळी असलेला फुगा एकही नव्हता. वस्तरा सपाट नेला तर आतले केस राहणार. तिरका घातला तर तिसरा ओरखडा ठरलेला.

आरशात जावई त्यांच्याकडे बघत होते, अगदी अवघडून. "शाळेत पोरं चिडवायची," ते पुटपुटले. "पेन्सिल उभी करून बघायची. म्हणून..."

आणि उमेदवारबाईंना एकदम कळलं, ही खळी आपण ओळखतो. रोज ओळखतो. नातीला आंघोळ घालताना, दूध पाजल्यावर, पेज भरवल्यावर. ओघळ येऊन हमखास त्या एवढ्याशा खळग्यात साचतो. तो पुसायचा तर वरून बोट घालून चालत नाही, पोरगी तोंड फिरवते. हनुवटीखाली अंगठा ठेवायचा, अलगद खाली ओढायचं. खळी पसरते, सपाट होते. मग काय, कशानंही टिपून घ्या. आठ महिने दिवसातून दहादा हेच तर चाललंय. ही कुणाकडून आली म्हणून दोन्ही घरचे फोटो काढून मुलीनं डोकं फोडून घेतलं होतं, आणि हे गृहस्थ शेजारी बसून मुकाट्यानं दाढी खाजवत होते!

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "मान जरा वर. घाबरू नका, हे काम माझं रोजचं आहे."

अंगठा खाली, अलगद ओढ. खळी उघडली. वस्तऱ्याची एक हलकी फेरी, मग दुसरी.

परीक्षक बाईनं कापसाचा बोळा आणला आणि गालावरून, गळ्यावरून, हनुवटीच्या खळग्यातून सावकाश फिरवला. कुठेही अडकला नाही. मग वाकून तिनं कल्ले बघितले. एकदा डावा, एकदा उजवा, पुन्हा डावा.

"पुढच्या वेळी खडू आणायचा नाही," ती म्हणाली.

उमेदवारबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे पुन्हा द्यायची?"

"म्हणजे गिऱ्हाइकांकडे जाताना न्यायचा नाही. सही करा इथे."

घरी मुलीनं दार उघडलं आणि नवऱ्याच्या ओळखीच्या खुणा सापडेनात म्हणून क्षणभर तशीच बघत राहिली. मग हनुवटीपर्यंत नजर गेली आणि तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. "तू! पाच वर्षं लपवून ठेवलंस? मी तुझ्या आईला फोन करकरून विचारतेय, तुमच्याकडे कुणाला खळी होती का, तर त्या म्हणतात, नीट आठवत नाही!"

"मीच सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून. माझे जुने फोटोही मीच लपवलेत."

कडेवरच्या पोरीनं आधी ओठ काढला. हा परका माणूस कोण? मग तो आवाज ऐकून थांबली. हात लांब केला, आणि इवलं बोट सरळ त्या खळीत घालून बघितलं. बसलं. तिला फार पसंत पडलं ते. उरलेली दुपार तिनं बोट बाहेर काढायला साफ नकार दिला.

जिन्यात मास्तर अजून अपराधी चेहऱ्यानं हिंडत होते. पास झाल्याचं कळल्यावर म्हणाले, आता प्रायश्चित्त म्हणून महिनाभर दाढीला हात लावणार नाही. वरून लगेच आवाज आला, "न लावून तर बघा!"

गुरुवारी वस्तादांची पेटी घेऊन उमेदवारबाई पहिल्या घरी पोचल्या. तिसरा मजला, खिडकीशी पलंग, त्यावर एक निवृत्त हेडमास्तर. आवाज अजून वर्गातला.

"वस्ताद कुठे आहेत?"

"गुडघे धरून घरी. मी त्यांच्या जागी."

हेडमास्तरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत तपासलं. "किती दाढ्या केल्यात आजवर?"

"माणसांच्या?" पट्ट्यावर वस्तरा घासत उमेदवारबाईंनी विचारलं.

"मग काय बोकडांच्या?"

"एक जावई केलाय. आणि चौऱ्याऐंशी फुगे."

हेडमास्तरांनी वस्तऱ्याकडे बघितलं. "त्यातले वाचले किती?"

"शेवटचे साठ."

"आणि जावई?"

"तो पण."

हेडमास्तरांनी उशीवर नीट सरकून घेतलं आणि मान वर केली. "मग करा सुरुवात," ते म्हणाले. "आणि कल्ले सारखे झाले पाहिजेत. वस्तादांचा डावा नेहमी चुकायचा."

उमेदवारबाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि गुपचूप खडू काढला.