सगळ्यांना एकच दान

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी नुकती सुरू झाली होती, आणि जोगेश्वरीच्या अनुपमा मेस्त्रीला तिथे प्रवेश मिळाला होता. तिचे वडील गिरणी सुटल्यापासून एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. मुलगी नेमकं काय शिकते, हे शेजाऱ्यांना सांगताना त्यांची पंचाईत व्हायची. खरं तर तिचीही व्हायची. पुस्तकं मोजकी, मशीनं त्याहून मोजकी. आठवड्यातून अर्धा तास वाट्याला यायचा. चपला बाहेर काढून एसीच्या गारठ्यात बसायचं, घरून कागदावर लिहून आणलेला प्रोग्राम भराभर टाइप करायचा, आलेलं उत्तर उतरवायचं आणि पुढच्याला जागा द्यायची.

त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल सोपं होतं. मशीनकडून सहाशे वेळा फासा टाकवून घ्यायचा आणि कुठलं दान किती वेळा पडलं याचा तक्ता मांडायचा. जर्नलमध्ये सुरुवातीला उद्दिष्ट लिहावं लागे. ते केळुसकर मॅडमनी सांगितलं होतं: योगायोग कसा वागतो हे समजून घेणे.

मॅडम मूळच्या गणिताच्या. छोटा कोर्स करून या विषयाकडे आलेल्या. जर्नलं तपासून त्या वर्गावर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. अख्ख्या वर्गाचे आकडे एकच होते, एका दानाचाही फरक नव्हता. आवाज न चढवता त्यांनी सगळ्यांना शून्य दिलं. फक्त वेसाव्याच्या हरेश्वरचे आकडे निराळे होते. त्याचं जर्नल वर धरून, स्वतः केलेलं काम असं दिसतं, असं त्या म्हणाल्या.

वर्गात कुजबुज झाली, मग कुणी कुणाचं उतरवलं यावरून जुंपली. अनुपमाला रागाआधी नवल वाटलं. तिने आपला तक्ता कुणालाच दाखवला नव्हता. मैत्रिणींना खोदून विचारलं, तर त्याही तेच म्हणत होत्या. मग आकडे जुळले कसे?

घरी गेल्यावर तिने धाकट्या बहिणीच्या सापशिडीतला फासा घेतला आणि आईला समोर बसवलं. आई भाजी निवडता निवडता फासा टाकत होती, अनुपमा रेघा ओढत होती. चाराची रीघ लागली, दोन मात्र रुसून बसला. पुन्हा सुरुवातीपासून टाकला, तर दोनाचीच चंगळ. हे कशासाठी चाललंय, असं आईने विचारलं. अजून मलाच कळलेलं नाही, असं अनुपमाने सांगितलं.

सकाळी लवकर जाऊन तिने लॅबच्या शिपायाला विनवलं आणि मशीन सुरू करवलं. प्रोग्राम चालवला. तेच आकडे. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. मशीन बंद करून चालू केलं, शेजारच्या मशीनवर जाऊन बघितलं. प्रत्येक वेळी तेच दान, त्याच क्रमाने. ती तशीच अनवाणी स्टाफरूमकडे धावली.

मॅडमनी येऊन स्वतः तो प्रोग्राम चालवला. पुन्हा चालवला, तरी तेच आकडे. मग मशीनसोबत आलेलं जाड पुस्तक काढून दोघी बसल्या, तेव्हा उलगडा झाला. मशीनकडे फासा नसतोच. एक आकडा घ्यायचा, त्याला गुणायचं, त्यात काही मिळवायचं, भागायचं आणि उरलेली बाकी म्हणजे पुढचा आकडा. सुरुवातीचा आकडा आपण बदलला नाही, तर सगळ्यांना तीच माळ मिळणार.

“म्हणजे हा योगायोग नाहीच,” मॅडम म्हणाल्या. “मी तुम्हाला उगाच शून्य दिलं.”

पण मग हरेश्वरचे आकडे निराळे कसे? अनुपमाने त्याला कँटीनमध्ये गाठून विचारलं. त्याने खरं काय ते सांगून टाकलं. त्या दिवशी होडी उशिरा लागली होती, वडिलांबरोबर मासळी उतरवताना त्याची लॅबची पाळी हुकली. दुसरी पाळी मिळाली नाही, म्हणून त्याने घरीच आकडे रचले.

“सगळी दानं शंभराच्या जवळपास ठेवली,” तो म्हणाला. “म्हटलं, खरी वाटतील.”

“खरा फासा इतका शहाण्यासारखा वागत नाही रे,” अनुपमा म्हणाली. “आईने टाकलेली दानं बघ.”

तिचे दोन्ही कागद तो उलटसुलट करून बघत राहिला. मग स्वतःच मॅडमकडे गेला आणि सगळं सांगून आला. मॅडम आधी स्वतःवरच हसल्या. वर्गाची शून्यं खोडली गेली. हरेश्वरला घरी खरा फासा सहाशे वेळा टाकून आणायला सांगितलं. त्यासाठी वेसाव्यात अर्धी आळी जमली म्हणे.

अनुपमाचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. मशीनची ती कृती तिने लहान आकडे घेऊन हाताने करून पाहिली. थोड्याच वेळात पहिला आकडा परत आला आणि माळ गोल फिरली. मशीनची माळही कधीतरी अशी फिरत असणार. ती किती लांब असेल? मॅडमना ठाऊक नव्हतं, आणि पुस्तकातही नव्हतं.

मॅडमनी प्राचार्यांकडून रविवारभर एसी चालू ठेवायची परवानगी काढली. पहिला आकडा परत दिसेपर्यंत मोजत राहील असा प्रोग्राम अनुपमाने लिहिला आणि शनिवारी दुपारी तो सुरू करून दिला. सोमवारी तिघंही कुलूप उघडायच्या आधीच दाराशी उभी होती. पडद्यावर मोजणी थांबलेली होती, दीड कोटीच्याही पुढे. हरेश्वरने हलकेच शीळ घातली. मॅडमनी आकडा मोठ्याने वाचला आणि मग अनुपमाकडे वळून विचारलं, “पण नेमका हाच आकडा का गं?”

अनुपमाने खुर्ची ओढली आणि कोरा कागद पुढ्यात घेतला.