सुयांचा मंगळवार

मित्रांनो, वलगावच्या माणिकबाईंच्या पुढच्या खोलीतला मी जुना सागवानी दिवाण. चांदूर रेल्वेच्या वामनराव सुतारानं मला घडवलं. माझ्यावर दणकन बसून तो म्हणाला होता, "हा कुरकुरनार नाही, घ्या लिहून!"

माणिकबाईंचे यजमान उत्तमराव कीर्तनाचे मोठे वेडे. गावात सप्ताह बसला की कीर्तनकारबुवा आमच्याच घरी उतरत. माझ्यावर मांडी घालून चहा घेत, संध्याकाळचा अभंग गुणगुणत. एक बुवा तर म्हणाले, "उत्तमराव, इथं टेकलं की आपोआप नाम येते तोंडी." तेव्हा वाटलं, लाकडाच्या जन्माचं सोनं झालं.

पुढे उत्तमराव देवाघरी गेले. मुलगा देवानंद नोकरीसाठी अकोल्याला गेला. माझ्यावर गोधड्या चढल्या, गोधड्यांवर तुरीचं पोतं. बाई खाली सतरंजीवर निजत. एकाच खोलीत आम्ही दोघं, आणि दोघंही एकटे.

मग बाईंचा उजवा खांदा धरला. वेणी घालायलाही हात जाईना. देवानंदनं अमरावतीच्या करिश्माताईंशी बोलून ठरवलं. त्या घरी येऊन ॲक्युपंक्चर करतात, म्हणजे बारीक सुया टोचून उपचार. आधी त्यांनी बाईंना फोन केला.

"काकू, घरी टणक दिवाण आहे का? मले चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे. अन् त्या दिवशी उपाशी राहू नका."

"मंगळवारी माहा उपास असते, पोरी."

"मंग देवीले सांगा, करिश्मानं मोडाले लावला!"

पोतं उतरलं, गोधड्या उन्हात गेल्या. शेजारच्या पंचफुलानं मला भिंतीपासून ओढून मधोमध आणलं. किती दिवसांनी माझ्या पाठीला वारा लागला!

दर मंगळवारी ताई येत. केसाएवढ्या सुया टोचून झाल्या की बाई निजल्या निजल्या बोलत, ताई ऐकत. मग हाताचा व्यायाम करून घेत. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणत, "येतो काकू." त्या गेल्यावर बाई बराच वेळ तशाच बसून राहत, त्याच खांद्यावर आपला डावा हात ठेवून.

हळूहळू खांदा सैल झाला. एका सकाळी बाईंनी वरच्या फळीवरचा डबा उजव्या हातानं काढला. मला केवढा आनंद झाला! पण मंगळवारी ताईंनी हात वर करायला सांगितला, तर बाईंनी तो छातीपर्यंतच नेला. "नाही जात व पुढं." पुढच्या मंगळवारीही तेच. मी पडलो लाकूड, सांगणार कसा?

सप्ताहाची समाप्ती मंगळवारीच आली. सारं गाव काल्याच्या कीर्तनाला देवळात गेलं. बाई मात्र सुयांची वाट पाहत माझ्यावर बसून होत्या. ताई आल्या, डबी उघडली. तेवढ्यात भोंग्यावरून विठ्ठलाचा गजर उठला, आणि बाईंचे दोन्ही हात आपोआप डोक्याच्या वर गेले.

"काकू! हात तं पार वरते गेला!"

बाईंनी झटकन हात पदराखाली घेतला.

"काहून लपवलं?"

"बरा झाला म्हनलं असतं तं तू आली असती का?" बाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "या खांद्यावर हात ठेवनारं दुसरं कोन आहे मले?"

ताईंनी डबी मिटली आणि त्या बाईंच्या बाजूला टेकल्या. मग त्या म्हणाल्या, "बऱ्या हाताले मी सुया टोचत नाही, काकू. चाला, काला घेऊन येऊ. बसा गाडीवर."

दोघी गेल्या. मी सुना पडलो, पण गजर ऐकत राहिलो.

पुढच्या मंगळवारी बाईंनी माझ्यावर धुतलेली चादर अंथरली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. कोणी आलं नाही. येणार तरी कशाला? दुखणं तर संपलं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला कधीमधी फडक्यानं पुसलंत तरी पुरे. पण माणसाचं तसं नाही. दुखलं की सगळे धावतात. दुखायचं थांबल्यावरही जा. जवळ टेका, खांद्यावर हात ठेवा. आणि "बरं आहे ना?" एवढं विचारून लगेच उठू नका.