न बघता केलेली सही

दोन दिवस झाले, दुर्गेशचा पाय एका जागी ठरत नव्हता. मनीषनगरच्या आपल्या दोन खोल्यांत तो पंखा लावायचा, बंद करायचा, गच्चीवर जायचा, परत खाली यायचा. मोबाइलवर तोच व्हिडिओ फिरत होता. शिकाऊ विमान उडालं आणि मिनिटभरातच तुरीच्या शेतात आदळलं. खाली लोकांचं शहाणपण: ‘पोरींच्या हाती विमान देताच कशाला?’

विमान चालवणारी शिकाऊ वैमानिक करिष्मा वाचली, पण तिची मांडी मोडली. दुर्गेश तिच्याच विमान-प्रशिक्षण केंद्रात मेकॅनिक. रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढायचं, त्यात पाणी नाही ना ते बघायचं आणि कागदावर सही करायची, हे त्याचं काम. अठरा वर्षांत पाणी निघालं ते दोनदा. मग माणूस जरा जास्तच हुशार होतो. आपणही होतोच की! न वाचता सही, न बघता ‘तपासले’. अपघाताच्या दिवशी दुर्गेशनं चहा पिता पिता तीन विमानांच्या कागदांवर सह्या ठोकल्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता, टाकीत पाणी शिरलं असेल, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

उद्या चौकशी होती. वरिष्ठ आनंदरावांचा फोन येऊन गेला होता.

“टाकीत पाणी सापडलं, दुर्गेश. त्यानंच इंजिन बंद पडलं. तू पाहिलं होतं म्हणून सांग. उडवणाऱ्यानंही पाहायचं असते. पोट्टीनं पाहिलं नाही, विषय संपला.”

दुर्गेशला राहवेना. तो दवाखान्यात गेला.

“काका, माझंच चुकलं,” करिष्मा म्हणाली. “मी बाटली हातात घेतली होती. तुमची सही दिसली अन ठेवून देली. म्हटलं, काकानं पाहिलं म्हणजे पाहिलं. आता मले परत उडू देतीन का हो?”

आणलेली संत्री ठेवून तो निघाला.

घरी वडील, बबनराव, दारात बसले होते. पूर्वी उमरेडला त्यांचा हातमाग होता. आयुष्य विणण्यात गेलं.

“काहून गा, असा येरझाऱ्या घालून राहिला?”

दुर्गेशनं सगळं सांगून टाकलं.

“मागावरच्या उभ्या ताण्याचा एक धागा तुटला की आम्ही माग थांबवत होतो,” वडील म्हणाले. “गाठ मारल्याशिवाय हात पुढं जात नव्हता. घाईत तसंच विणलं त चीर पुऱ्या लुगड्यात दिसते. पण लुगडं बिघडलं त दुसरं विणता येते, गा. ही पोट्टी दुसरी कुठून आणशील?”

“नोकरी जाईन, बाबा.”

“जाईन. अन गप्प बसला त तिचं उडणं जाईन. तेही तूच नेशील.”

सकाळी चौकशीच्या खोलीत आनंदराव समोरच बसले होते. दुर्गेश चौकशी अधिकाऱ्याकडे वळला.

“साहेब, सही माझी आहे. तपासणी मी केली नव्हती.”

त्याला सहा महिन्यांसाठी निलंबित केलं; करिष्माला बरी झाल्यावर उडायची मुभा राहिली. आपली सही खोटी होती, हे सांगायला तो दवाखान्यात गेला, तेव्हा करिष्मानं भिंतीकडे तोंड फिरवलं. दुर्गेशला ते योग्यच वाटलं.

सहा महिन्यांनी तो कामावर परतला. एका सकाळी करिष्मा किंचित लंगडत विमानापाशी आली. कागदावर दुर्गेशची सही होती, आणि या खेपेला ती खरी होती.

“सही राहू द्या, काका. बाटली द्या.”

त्यानं बाटली पुढे केली. दोघांनी मिळून ती उन्हात धरून पाहिली. इंधन स्वच्छ होतं. मगच ती विमानात चढली.

वाचकहो, आपली सही विमानाच्या कागदावर नसेल. पुलाच्या, औषधाच्या, शाळेच्या बसच्या कागदावर असेल. करण्याआधी ‘झालं’ लिहू नका. त्या सहीच्या भरवशावर कोणाची तरी लेक उडायला निघालेली असते!