पाहुण्यांसमोरचा वसंता

सगुणाबाईंनी वसंताच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि दाराला हात घालता घालता म्हणाल्या, "चल. पाहुणे हायत बरं का आत."

सवयीनं निघून गेलं तोंडातून. आत कुठले पाहुणे? आत डॉक्टर होते, मनाच्या आजारांचे, आणि हा जालन्याचा, जिल्ह्याचा सरकारी दवाखाना होता. पण लेकाचा भांग पाडून, धुतलेला शर्ट चढवून त्याला कुणा मोठ्या माणसापुढं न्यायचं म्हटलं की सगुणाबाईंच्या तोंडी दुसरं वाक्य येतच नसे. वसंतानं मान हलवली. तिशी ओलांडलेला, बापासारखा रुंद खांद्यांचा गडी. सकाळपासून तो व्हरांड्यातल्या गर्दीकडं पाठ करून, कानांवर हात दाबून भिंतीशी उभा होता. ते वाक्य ऐकलं तसे त्याचे हात खाली आले, पाठ ताठ झाली, आणि तो भल्या घरच्या माणसासारखा आत जाऊन खुर्चीत बसला.

दिवाळीनंतर वसंता शेडनेटमध्ये मिरचीच्या रोपांत फिट येऊन पडला होता. हे तसं नवीन नव्हतं, पण या वेळी शुद्ध लवकर आली नाही. दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला. गाव त्याला आजवर भोळा म्हणत आलं होतं, आणि सगुणाबाईंनीही त्यावरच भागवलं होतं. मग गावातली आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी दैवशाला, घरी येऊन बसली. म्हणाली, मावशी, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. ते निघालं की त्याच्या नावानं दवाखान्याचा विमा निघतो, महिन्याचं अनुदान लागतं. तुम्ही हायत तवर ठीक हाय, पण पुढं? हा शेवटचा प्रश्न दैवशालानं हळूच विचारला होता, आणि तेव्हापासून सगुणाबाईंना धड झोप नव्हती. जाफराबादच्या पहाटेच्या एसटीत त्या बसल्या होत्या त्या एवढ्यासाठी.

डॉक्टर आमेर जालन्याचेच. वयानं तरुण, आवाजानं मऊ. त्यांनी कागद चाळले आणि थेट वसंताकडं वळले.

"नाव काय तुमचं?"

"वसंता भिवाजी गाडेकर."

"काय करता?"

"शेडनेटला जातो. मिरचीचं बी धरतो."

"घरी कोण कोण?"

"आई अन् मी. बहीण आकांक्षा, तिला बदनापूरला दिली." वसंताची नजर डॉक्टरांच्या भुवयांच्या बरोबर मधोमध टेकलेली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. मग तो म्हणाला, "प्रवास बराबर झाला ना तुमचा? चहा घेता का?"

डॉक्टरांना हसू आलं. "नको, आत्ताच घेतला."

सगुणाबाईंचा ऊर भरून आला. दर वेळी यायचाच. काय वळण आहे, कसा बसलाय बघा राजासारखा, असं त्यांना वाटून गेलं, आणि त्याच भरात त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या पेनाकडं गेलं. पेन कागदावरून उचललेलं होतं. टोपण लागलं होतं.

"रोजच्या कामात अडचण काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही न्हाई. समदं बराबर हाय."

"माणसांत बसायला, बोलायला त्रास?"

"न्हाई. समदं बराबर हाय."

ही सगळी उत्तरं सगुणाबाईंचीच होती. एकन् एक त्यांनीच घोकून घेतलेली.

आकांक्षाला बघायला पहिले पाहुणे आले, तेव्हा वसंता मिसरूड फुटायच्या वयात होता. ओसरीवर माणसं टेकली न टेकली तोच तो घुमायला लागला, हात पाखरासारखे उडवायला लागला. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर सगुणाबाईंनी एक शाळाच काढली घरात. दुपारी दार लावून घ्यायचं, नवऱ्याची खुंटीवरची टोपी आपल्या डोक्यावर चढवायची, ओसरीतल्या खुर्चीत ऐटीत बसायचं आणि जाड आवाज काढून विचारायचं, काय नाव बाळा तुझं? नवरा जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. बघणाऱ्याला हसावं की रडावं कळलं नसतं. पण पोरगं शिकलं. डोळ्यांत बघवत नाही तर कपाळावर बघ. हात गुडघ्यांवर. विचारल्याशिवाय बोलू नको, आणि काही सुचलंच नाही तर समदं बराबर हाय म्हण. पुढच्या पाहुण्यांसमोर तो असा बसला की सोयरीक जमूनच माणसं उठली. बदनापूरला आजही सगळे म्हणतात, आकांक्षाचा भाऊ अबोल आहे जरा, पण वळण चांगलं.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "जुन्या कागदावर ऑटिझमचा संशय लिहिलाय. पण मी तर बघून राह्यलो, हे बराबर जबाब देताहेत. तुम्ही जे अर्जात सांगितलंय त्यातलं मला काही तर दिसलं पाहिजे ना. न दिसता कसं लिहू?"

"साहेब, हा असा न्हाई."

"मंग कसा हाय? सांगा."

सगुणाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्दच सापडेना. आयुष्यभर जे झाकलं, ते सांगायचं कसं हे त्यांनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं. मुलाला शिकवलं, स्वतः कोऱ्याच राहिल्या. आणि सांगायचं म्हणजे कागदावर येणार, कागद तालुक्याला जाणार, आज ना उद्या बदनापूरलाही कळणार. हेही डोक्यात होतंच. मांडीवरची कागदांची पिशवी त्यांनी घट्ट धरली. मग त्या लेकाकडं वळल्या आणि घरी पाहुण्यांची पाठ फिरल्यावर म्हणत, तेच म्हणाल्या.

"वसंता, गेले पाहुणे."

वसंतानं डॉक्टरांच्या कपाळाकडं बघितलं.

"हायत," तो म्हणाला. "बसलेत."

खोटं त्याला चालत नसे. खोटं बोलताच येत नसे म्हणा. सगुणाबाईंनी पदर सावरला आणि जन्मात कुणा साहेबाला म्हणाल्या नसतील असं म्हणाल्या.

"साहेब, तुम्ही जरा भायेर जाता का?"

डॉक्टर आमेर त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी रागवायला हरकत नव्हती. दाराबाहेर रांग होती. पण ते उठले, खुर्ची आवाज न करता मागं सारली आणि स्वतःच्या खोलीतून बाहेर गेले. दार त्यांनी पुरतं लावलं नाही.

"गेले," सगुणाबाई म्हणाल्या.

वसंतानं आधी दाराकडं बघून खात्री केली. मग गळ्याचं बटण जवळजवळ तोडूनच काढलं. तो खुर्चीतून उठला तो थेट भिंतीच्या कोपऱ्यात गेला, तोंड भिंतीकडं करून उभा राहिला आणि टाचांवर मागं-पुढं डुलायला लागला. घशातून आवाज निघायला लागला, लांबच्या विहिरीवर मोटर चालू असावी तसा, एका सुरात. बोटं चेहऱ्याजवळ थरथर उडत होती. मध्येच तो थांबे, कपाळ भिंतीवर टेकवी, पुन्हा सुरू होई.

सगुणाबाई बघत राहिल्या. नवल हे होतं की पाहुणे गेल्यावरचा वसंता त्याही पहिल्यांदाच बघत होत्या. घरी पाहुणे गेले की त्या वसंताला मागच्या खोलीत धाडत, दार ओढून घेत आणि आपण कपबशा विसळायला मोरीवर बसत. आतून आवाज यायचा, कधी दिवस मावळेपर्यंत, पण त्या भांड्यांचा आवाज वाढवायच्या. आता मध्ये दार नव्हतं. त्याच्या शर्टाची पाठ वरपासून खालपर्यंत घामानं चिंब झाली होती. खुर्चीत असताना समोरून मात्र शर्ट कोरडा दिसत होता, इस्त्रीची घडी तशीच. उडणाऱ्या तळहातांवर नखं रुतल्याच्या लाल खुणा होत्या. गुडघ्यांवर शांत ठेवलेल्या त्या हातांच्या मुठी कधी वळल्या होत्या, हे त्यांनाही दिसलं नव्हतं.

एवढं सगळं आत धरून हा माणूस प्रवास बराबर झाला ना म्हणून विचारत होता? सगुणाबाईंना भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. मोठं धरण पहिल्यांदा जवळून बघावं आणि बोलणंच सुचू नये, तसं त्यांना झालं. हे लेकरू आपण पोटी धरलं, वाढवलं, आणि त्याच्या अंगात एवढं बळ आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

दार हलकेच उघडलं. डॉक्टर उंबऱ्यावरच थांबले होते. किती वेळ, कोण जाणे.

"वसंता," ते म्हणाले, "मी पाहुणा न्हाई. आत येऊ का?"

डुलणं थांबलं नाही. पण घशातला आवाज बारीक झाला. बऱ्याच विचारानंतर भिंतीकडून उत्तर आलं.

"चहा न्हाई मंग."

"नको चहा."

"या."

डॉक्टर आले, पण खुर्चीत बसले नाहीत. पेशंटला तपासायच्या बाकड्यावर टेकले, तेही वसंताकडं अर्धवट पाठ करून. हा माणूस आपलं काम जाणतो, हे सगुणाबाईंना तेव्हा कळलं.

"वसंता, पाहुण्यांसमोर बसायला त्रास होतो?"

"होतो."

"काय होतं?"

"पंखा आवाज करतो. ट्यूब बी आवाज करते. माणसाचं तोंड सारखं हालतं." तो डुलत डुलत, भिंतीला सांगत होता. "समदं आत दाबून धरावं लागतं. मंग डोकं दुखतं. रातच्याला बी दुखतं."

"मंग बसता कशाला? उठून जायचं."

वसंतानं कपाळ भिंतीवर टेकवलं.

"आईनं शिकवलं म्हणून?"

"न्हाई."

सगुणाबाईंनी मान वर केली.

"कपबशी वाजते," वसंता म्हणाला. "पाहुणे आले की आईचे हात थरथर करतात. चहा देते तवा कपबशी वाजते. टोपी घालून बसायची तवा बी हात थरथरायचे." तो थांबला. पुढचं आठवत नव्हतं म्हणून नव्हे, नेमकं सांगायचं म्हणून थांबला असावा. "मी बराबर बसलो की वाजत न्हाई."

डॉक्टर उठले आणि त्यांनी जाऊन पंखा बंद केला.

मग ते टेबलाशी आले, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता ते सगुणाबाईंना समजावून सांगत होते. अजून एक-दोन तपासण्या कराव्या लागतील, पण त्या आजच करून घेऊ, पुन्हा जाफराबादहून यायला नको. प्रमाणपत्र मिळेल, त्याची काळजी नको. ते हातात आलं की विम्याचा अर्ज करता येईल, फिटच्या गोळ्या, दवाखान्यात ठेवणं, त्याला मदत होईल. अनुदानासाठी तहसीलला कागद द्यावे लागतील, ते आशाताई दाखवून देतील. आणि घरी पाहुणे आले तर, त्यांनी मान वर करून म्हटलं, वसंताला आतल्या खोलीत बसायचं असेल तर बसू द्या. दार उघडं ठेवून.

सगुणाबाई ज्याच्यासाठी आल्या होत्या ते हेच. ज्यानं झोप उडवली होती, ते सगळं एका दमात त्यांच्या पदरात पडत होतं. आणि त्यांना त्यातला एक शब्द धड ऐकू येत नव्हता. त्या वसंताच्या ओल्या पाठीकडं बघत होत्या. टोपी घालून, दार लावून आपण त्याला शिकवत होतो, एवढंच आजवर त्यांना ठाऊक होतं. त्यांना हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळेना.

"मावशी, इथं सही," डॉक्टर म्हणाले.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. मांडीवर धरलेली कागदांची प्लास्टिकची पिशवी बारीक आवाज करत होती.

कोपऱ्यातलं डुलणं हळूहळू थांबलं. वसंता वळला. त्याची नजर डॉक्टरांवरून, टेबलावरून फिरत पिशवीवर आली आणि मग तिला धरलेल्या हातांवर स्थिरावली. तो तसाच उभा राहिला, मान थोडी कलती करून, पिशवीचा आवाज नीट ऐकत.

"आई," तो म्हणाला, "इथं पाहुणे न्हाईत."